कायोटीसाठी कोणती रायफल? एका निवडीचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण अमेरिकेच्या पश्चिमेकडची कुरणं पाहिली, तिथली मेंढपाळी पाहिली आणि लांडगे कसे संपवले गेले तेही पाहिलं. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं की लांडग्यासारखं ताकदवान जनावर संपलं, मग त्याच्यापुढे किरकोळ दिसणारा कायोटी कसा काय उरला? प्रश्न चांगला होता. त्याच्याकडे आज आपण जरा आडवाटेने जाणार आहोत. ही आडवाट म्हणजे रायफलचं कॅलिबर.

मोंटाना, टेक्सस, वायोमिंग, ॲरिझोना, कुठल्याही राज्यातल्या बंदुकीच्या दुकानात जा. 'कायोटीसाठी कोणतं कॅलिबर घ्यावं?' हा प्रश्न तिथे रोज विचारला जातो आणि त्यावर तासन्‌तास वाद होतो. आपल्याकडे मिसळ कुठली चांगली यावर होतो तसाच, आणि तितकाच न संपणारा. (हशा) विचारणाऱ्याला वाटतं की हा त्याचा वैयक्तिक निर्णय आहे. इतिहास पाहिला तर दिसतं की काउंटरवर मांडलेल्या त्या काडतुसांपैकी फारच थोडी कायोटीकडे पाहून बनवली गेली. एक आलं सरकारी शस्त्रागारातून, एक हरणाच्या कायद्यातून, एक लष्कराच्या गरजेतून, एक फरच्या बाजारातून. निवड आधीच बरीचशी झालेली असते. शिकारी शेवटची सही करतो, एवढंच.

आधी जनावराची ओळख करून घेऊ, कारण सगळं गणित त्याच्या अंगावर अवलंबून आहे. 'कायोटी' हा शब्द नाहुआत्ल भाषेतला, म्हणजे अझ्टेक लोकांच्या भाषेतला, 'कोयोत्ल'. मेक्सिको सिटीतल्या कोयोआकान या भागाच्या नावातही हाच प्राणी बसलेला आहे. लुईस आणि क्लार्क १८०४ साली मिसुरी नदीने वर गेले तेव्हा त्यांनी याला 'प्रेअरीचा लांडगा' म्हटलं. शास्त्रीय वर्णन १८२३ साली थॉमस से याने केलं. मूळ रहिवाशांच्या कथांत हा लबाड, कधी मूर्ख, कधी जग घडवणारा. मार्क ट्वेनने १८७२ सालच्या 'रफिंग इट'मध्ये मात्र त्याला इतकं दरिद्री आणि केविलवाणं रंगवलं की पुढच्या दोन पिढ्यांच्या मनात तेच चित्र राहिलं.

प्रत्यक्षात पश्चिमेकडचा पूर्ण वाढलेला कायोटी साधारण ९ ते १६ किलोंचा. हिवाळ्यात फर दाट झाली की मोठा दिसतो, पण फरखालचं जनावर सडपातळ असतं. छातीतला जो भाग लागला तर तो जागच्या जागी पडेल, तो एका लहानशा ताटलीएवढा. अंतर शंभर ते तीनशे यार्ड. शिवाय तो सहसा स्थिर उभा राहत नाही. म्हणजे बघा, या जनावराला मोठी गोळी लागत नाही. लागतो तो अचूकपणा, आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी निभावून नेणारी गती. चुकलं तर जनावर पोटात किंवा मांडीत गोळी घेऊन पळतं आणि दोन दिवसांनी कुठेतरी झुडपात मरतं. कॅलिबरच्या सगळ्या चर्चेत खरी जोखीम ही आहे, आणि दुकानातल्या वादात तिचं नाव फार कमी वेळा निघतं.

आता थोडी परिभाषा. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आतला व्यास, इंचात. पॉइंट टू-टू म्हणजे ०.२२ इंच, साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. पण नावांवर विश्वास ठेवू नका. .२२ हॉर्नेट सोडा, त्याच्या नळ्यांत काळानुसार फरक आहे, पण.२२०, .२२२, .२२३ आणि .२२-२५० या चारही काडतुसांतली गोळी एकाच व्यासाची, ०.२२४ इंच. फरक आहे तो मागच्या पितळी पुंगळीत किती दारू मावते याचा. गोळीचं वजन मोजतात ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. आपल्या जुन्या सोनाराच्या हिशोबात एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन. कायोटीसाठी सर्रास वापरली जाणारी ५५ ग्रेनची गोळी म्हणजे साडेतीन ग्रॅम, पाव तोळ्याच्या किंचित वर. एवढ्याशा शिशा-तांब्याभोवती शंभर वर्षांचा उद्योग उभा आहे.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्नच नव्हता. मेंढपाळाकडे जी बंदूक असेल तीच कायोटीची बंदूक. बहुतेकदा विंचेस्टरची लिव्हरवाली रायफल. १८९५ साली .३०-३० हे काडतूस धूररहित दारू घेऊन आलं आणि पश्चिमेत घराघरांत पोचलं. हरणासाठी उत्तम. कायोटीसाठी मात्र संथ आणि बोजड, दीडशे यार्डांपुढे गोळी झपाट्याने खाली येते. कोणी तक्रार करत नव्हतं, कारण कायोटी मारायचं मुख्य साधन बंदूक नव्हतंच. ते होतं विष. स्ट्रिक्निन घातलेलं मांस कुरणात टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी फिरून मेलेली जनावरं मोजायची. १९१५ साली अमेरिकन काँग्रेसने ब्युरो ऑफ बायॉलॉजिकल सर्व्हे या खात्याला हिंस्र प्राणी संपवण्यासाठी १,२५,००० डॉलर दिले. ज्या खात्याने पक्षी आणि सस्तन प्राण्यांचे नकाशे काढायचे, त्यानेच त्यातले काही प्राणी पुसायचे काम घेतलं. विषं शोधणारी त्यांची प्रयोगशाळा १९२१ साली डेन्व्हरला आली. १९३१ साली तर कायदाच झाला आणि दहा वर्षांत एक कोटी डॉलर खर्चाची परवानगी मिळाली.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवा, कारण शेवटी आपल्याला परत आकड्यांकडे यायचं आहे.

त्याच सुमाराला, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात काही अधिकारी फावल्या वेळात एक खेळ खेळत होते. टाउन्सेंड व्हेलन आणि कॅप्टन वॉटकिन्स ही त्यांतली ठळक नावं. १८८५च्या सुमाराचं काळ्या दारूचं एक जुनं .२२ काडतूस त्यांनी घेतलं, त्यात नवी धूररहित दारू भरली, जॅकेटवाली गोळी बसवली, आणि सरावाच्या छोट्या रायफलींना त्यासाठी नव्या नळ्या केल्या. त्यातून .२२ हॉर्नेट जन्मलं. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी. विंचेस्टरने १९३० साली त्याची काडतुसं विकायला काढली, आणि गंमत म्हणजे त्या वेळी हे काडतूस बसेल अशी कारखान्याची एकही रायफल बाजारात नव्हती. आधी काडतूस, मग बंदूक. लोकांना काय हवं होतं ते यावरून कळतं. ४५ ग्रेनची गोळी, सेकंदाला सुमारे २,४०० ते २,७०० फूट, आवाज बेताचा, धक्का जवळपास नाही. दीडशे, फार तर पावणेदोनशे यार्डांपर्यंत कायोटीसाठी हे आजही पुरेसं आहे. पण माणसाला पुरेसं कधी पुरलंय?

वेगाचं वेड त्याआधीच सुरू झालं होतं. १९१५ साली चार्ल्स न्यूटन या बुद्धिमान माणसाने सॅव्हेज कंपनीसाठी .२५० व्यासाचं काडतूस बनवलं. त्याला १०० ग्रेनची गोळी हवी होती. कंपनीला मात्र जाहिरातीत '३,००० फूट' हा आकडा हवा होता, आणि तो १०० ग्रेनने गाठता येत नव्हता. म्हणून गोळी ८७ ग्रेनची केली आणि नावच ठेवलं .२५०-३०००. शिकारीच्या काडतुसाचं वजन जाहिरातीच्या आकड्याने ठरल्याचं इतकं उघडं उदाहरण दुसरं सापडणं कठीण. पुढे याच पुंगळीचं तोंड हौशी कारागिरांनी दाबून .२२ केलं आणि त्यातून .२२-२५० झालं. तीसेक वर्षं ते घरगुतीच राहिलं. कुठल्याही कारखान्याचं नाही, ज्याने त्याने आपापल्या गॅरेजमध्ये भरायचं.

मग १९३५. विंचेस्टरने .२२० स्विफ्ट आणलं. ४८ ग्रेनची गोळी, सेकंदाला ४,११० फूट. कारखान्यात बनलेल्या काडतुसाने चार हजार फुटांची रेघ ओलांडण्याची ही पहिली वेळ. म्हणजे ध्वनीच्या साडेतीनपट वेग.

हा वेग हवा कशाला? इथे जरा शाळेतलं भौतिकशास्त्र आठवू. गोळी नळीतून सुटली की त्या क्षणापासून ती पडायला लागते, हातातून सोडलेल्या चिंचोक्यासारखीच. ती किती पडेल हे फक्त किती वेळ हवेत आहे यावर. तीनशे यार्ड म्हणजे २७४ मीटर. गोळीचा सरासरी वेग सेकंदाला ६०० मीटर धरला तर तिला साधारण ०.४६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती एक मीटरभर पडते. सरासरी ९०० मीटर धरला तर ०.३ सेकंद, आणि पडते पंचेचाळीस सेंटिमीटर. आता विचार करा की १९३५ साली कुरणावर बसलेल्या माणसाकडे अंतर मोजायचं काही साधन नाही. समोर कायोटी आहे, तो अडीचशे यार्डांवर आहे की सव्वातीनशे, हे डोळ्यांनी ठरवायचंय. मंद गोळीसाठी या चुकीची किंमत म्हणजे पोटात लागलेली गोळी. वेगवान गोळीसाठी तीच चूक खपून जाते. तेव्हा वेगाचं वेड म्हणजे नुसती फुशारकी नव्हती. तो अज्ञानाचा विमा होता.

विम्याचा हप्ता मात्र नळी भरत होती. इतकी दारू इतक्या लहान छिद्रातून जाळली की नळीच्या सुरुवातीचा भाग झिजतो. 'स्विफ्ट नळ्या खातं' ही ख्याती झाली. त्यात थोडी अतिशयोक्तीही होती. पहिल्या नळ्यांचं पोलाद पुढच्यांइतकं चांगलं नव्हतं, आणि लोक तापलेल्या नळीतून लागोपाठ बार काढत. पण ख्याती झाली की झाली. १९६०च्या दशकात विंचेस्टरने स्विफ्टला बाजूला करून .२२५ नावाचं नवं काडतूस आणलं. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, रेमिंग्टनने ते गॅरेजमधलं .२२-२५० कारखान्यात घेतलं, आणि .२२५ बिचारं विस्मृतीत गेलं. आजही कायोटीच्या शिकाऱ्यांत .२२-२५०चा दबदबा आहे. ५५ ग्रेन, साधारण ३,६८० फूट. कायोटीवर डोळा ठेवून घडत गेलेलं काडतूस म्हणता येईल असं जे थोडं आहे, त्यात हे पहिलं. आणि ते कंपनीने नाही, लोकांनी घडवलं.

.२१९ झिपरचं नाव घेऊन पुढे जाऊ. १९३७ सालचं हे काडतूस विंचेस्टरने लिव्हरवाल्या रायफलीसाठी काढलं. त्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक झोपतात. पुढच्याच्या बुडाला मागच्याचं टोक टेकतं. टोकदार गोळी ठेवली तर आतल्या आत बार उडायचा धोका, म्हणून गोळी बोथट. बोथट गोळी हवेत लवकर मंदावते. वेगाचं काडतूस, वेग मारणारी गोळी. काय होणार होतं?

१९५५ साल आमच्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकं आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

त्या वर्षी विंचेस्टर आणि रेमिंग्टन या दोन्ही कंपन्यांनी एकाच व्यासाची, सहा मिलिमीटरची, ०.२४३ इंचाची काडतुसं बाजारात आणली. विंचेस्टरचं .२४३, रेमिंग्टनचं .२४४. पहिल्याच्या मागे वॉरन पेज या बंदूक-लेखकाचा आग्रह होता. दुसरं फ्रेड हंटिंग्टन याच्या घरगुती काडतुसावरून आलं होतं. पुंगळीचा विचार केला तर रेमिंग्टनची थोडी मोठी, म्हणजे कागदावर सरस. तरीही .२४३ने बाजार जिंकला आणि .२४४ आपटलं. का?

नळीच्या आत सर्पिल आटे असतात. गोळी त्यांतून जाताना फिरायला लागते, भोवऱ्यासारखी, आणि फिरते म्हणून सरळ जाते. गोळी जितकी लांब तितका भोवरा जोरात फिरवावा लागतो. विंचेस्टरने दहा इंचांत एक फेरा ठेवला, रेमिंग्टनने बारा इंचांत एक. रेमिंग्टनच्या लोकांना वाटलं की सहा मिलिमीटरची रायफल घेणारा माणूस कायोटी आणि मर्मोट मारायला घेईल, हलक्या गोळ्या वापरेल. म्हणून त्यांनी ७५ आणि ९० ग्रेनची काडतुसं काढली. विंचेस्टरने ८० आणि १००. म्हणजे कायोटीसाठी एक, हरणासाठी एक.

गिऱ्हाईक शेतकरी होता. त्याला दोन रायफली परवडत नव्हत्या. नोव्हेंबरात हरीण, जानेवारीत कायोटी, दोन्ही एकाच बंदुकीने व्हायला हवं. कोलोरॅडोसारख्या राज्यांत तर मोठ्या शिकारीसाठी .२४हून लहान कॅलिबरला परवानगीच नाही. तेव्हा .२२ कितीही चांगलं असलं तरी त्याच्यासाठी ती दुसरी बंदूक. .२४३ ही एकच बंदूक. रेमिंग्टनच्या ९० ग्रेनने हरीण मरत नव्हतं असं नाही. पण १०० हा आकडा हरणाचा, ९० हा नाही, अशी लोकांची समजूत. दहा ग्रेन म्हणजे किती? ०.६५ ग्रॅम. तांदळाचे तीसएक दाणे! एवढ्यावर एका कंपनीचं काडतूस बुडालं. १९६३ साली रेमिंग्टनने तेच काडतूस '६ मिलिमीटर रेमिंग्टन' या नव्या नावाने, नऊ इंचांत एक फेरा देऊन आणि १०० ग्रेनसकट परत आणलं. उशीर झाला होता.

म्हणजे कायोटीचं कॅलिबर हरणाने ठरवलं. आणि आमच्या मते तो शेतकरी चुकलेला नव्हता. वाऱ्यात .२४३ची जड गोळी .२२पेक्षा कमी भरकटते, आणि पश्चिमेकडच्या सपाट मुलखात वारा हा अंतरापेक्षाही मोठा शत्रू. फक्त कातडं विकायचं असेल तर .२४३ त्याची चाळण करू शकतं. त्याकडे येऊच.

आता लष्कर. १९५० साली रेमिंग्टनच्या माइक वॉकर याने .२२२ हे अगदी नवं, कुठल्याही जुन्या पुंगळीवरून न घेतलेलं काडतूस बनवलं. ५० ग्रेन, ३,१०० ते ३,२०० फूट, हॉर्नेट आणि स्विफ्ट यांच्या बरोबर मधलं. ते इतकं अचूक निघालं की कागदावर नेम धरणाऱ्या स्पर्धांत वर्षानुवर्षं त्याचंच राज्य होतं. १९५७च्या सुमारास अमेरिकन सैन्याला हलकी, लहान व्यासाची रायफल हवी होती, पाचशे यार्डांवर शिरस्त्राण भेदणारी. युजीन स्टोनर याची एआर-१५ तयार होत होती. .२२२ थोडं कमी पडलं, म्हणून त्याची पुंगळी लांबवली. ते झालं .२२३, लष्करी भाषेत ५.५६. १९६० साली हवाई दलाचे जनरल कर्टिस लमे यांना एका मेजवानीत ही रायफल कलिंगडांवर चालवून दाखवली गेली, त्यांना ती आवडली, आणि पुढचा इतिहास व्हिएतनामचा आहे.

या प्रवासात एक बारीक गोष्ट घडली. .२२२च्या नळीत चौदा इंचांत एक फेरा असे, कारण उपद्रवी जनावरांसाठीच्या हलक्या, आखूड गोळीला तेवढा पुरतो. तोच आकडा जसाच्या तसा लष्करी रायफलीत गेला. उन्हाळ्यात चाललं. अतिथंड प्रदेशातल्या चाचणीत, जिथे हवा दाट असते, गोळ्या डळमळायला लागल्या. मग बारा इंचांत एक केलं गेलं. मर्मोट-कायोटीसाठी केलेला हिशोब युद्धाच्या रायफलीत शिरला आणि तिथून दुरुस्त होऊन बाहेर आला. १९८०च्या दशकात लष्कराने जड गोळी घेतली आणि सात इंचांत एक फेरा केला. नागरी नळ्या त्यांच्यामागे नऊ आणि आठ इंचांवर आल्या. .२२-२५० मात्र बराच काळ जुन्या चौदालाच चिकटून राहिलं, म्हणून जड गोळीचा फायदा त्याला घेता आला नाही.

आणि किंमत! सैन्य जे काडतूस अब्जावधींनी बनवतं ते स्वस्त होतं. रिकाम्या पुंगळ्या मुबलक मिळतात, सरावाला खर्च कमी येतो. आज .२२३ हे कायोटीसाठी सर्वाधिक सुचवलं जाणारं काडतूस आहे ते गोळीच्या काही जादूमुळे नाही. ज्याला वर्षभर सराव परवडतो तो चांगला नेम धरतो. आमचं स्पष्ट मत विचाराल तर जनावर जखमी होऊन पळण्याचं प्रमाण कॅलिबर बदलण्यापेक्षा स्वस्त काडतुसाने जास्त कमी होतं.

१९७०च्या दशकात फरचा बाजार उसळला. ठिपकेवाल्या मांजरवर्गीयांच्या कातड्यांवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, फॅशन लांब केसांच्या फरकडे वळली आणि कायोटीचं कातडं एकदम मोलाचं झालं. इतकी वर्षं जे जनावर मारून कुंपणावर लटकवत होते त्याचे पैसे मिळायला लागले. टेक्ससच्या बर्नहॅम बंधूंसारख्यांनी विकलेल्या, घायाळ सशाच्या आवाजाच्या शिट्ट्या घेऊन लोक रानात बसू लागले. आता नवी अट आली: गोळी आत जावी, पण बाहेर येऊ नये. बाहेर पडताना मुठीएवढं भोक पडलं की कातड्याचा भाव कोसळतो. १९७१ सालचं .१७ रेमिंग्टन हे या काळाचं काडतूस. गोळी फक्त २५ ग्रेन, १.६ ग्रॅम, वेग चार हजारांवर. टाचणीएवढं भोक, आत गेली की चुरा. योग्य जागी लागलं तर काम चोख. खांद्याच्या हाडावर लागलं तर मात्र तो चुरा वरच्यावरच होतो, आणि जनावर उथळ पण भयानक जखम घेऊन निघून जातं. बाजाराची अट आणि जनावराची अट इथे उलट्या दिशेला जातात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फरचे भाव पडले, मधल्या काळात जाकिटांच्या टोपीच्या कडेला कायोटीची फर लावायची लाट आली, आणि २०२१ साली कॅनडा गूज या कंपनीने फर बंद करण्याचं जाहीर केलं. २००४ साली आलेलं .२०४ रुगर, ३२ ग्रेन आणि ४,२०० फुटांच्या वर, हे याच परंपरेतलं, थोडं शहाणं अपत्य.

शिसं हा शेवटचा मुद्दा. कॅलिफोर्निया काँडॉर या गिधाडाचे १९८७ साली जगात फक्त २७ पक्षी उरले होते आणि ते सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवावे लागले. पुढे रानात सोडलेले पक्षी शिशाच्या विषबाधेने मरू लागले. मारून तिथेच टाकलेल्या जनावरांत गोळीचे कण असतात, गिधाड ते गिळतं. १ जुलै २०१९पासून कॅलिफोर्नियात सगळ्या प्रकारच्या शिकारीत शिशाच्या गोळीला बंदी आहे. म्हणून तांब्याची गोळी. तांबं शिशापेक्षा हलकं, घनता ८.९६ विरुद्ध ११.३४. त्याच वजनाची गोळी लांब होते, लांब गोळीला जोरात फिरवावं लागतं, आणि जुन्या चौदा इंची नळ्या अडचणीत येतात. आजोबांची .२२-२५० भिंतीवर जाते आणि नातू आठ इंची .२२३ घेतो. कॅलिबर गिधाडाने बदललं, असं म्हणायला हरकत नाही.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. भारतात '.३१५ बोर' हा शब्द सगळ्यांच्या कानावरचा आहे. ते कॅलिबर कुणा शिकाऱ्याने आवडीने निवडलेलं नाही. .३०३सारखी लष्करी बोर नागरिकाला निषिद्ध, म्हणून सरकारी कारखान्याने वेगळ्या व्यासाची रायफल बनवली. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक बंधनं आली, तरी बोर तेवढी राहिली.

आता मागच्या वेळच्या प्रश्नाकडे. शंभर वर्षांत हॉर्नेट, स्विफ्ट, .२२-२५०, .२४३, .२२३, .२०४. लेझरने अंतर मोजणारी दुर्बीण. रात्री उष्णता दाखवणारी दुर्बीण. शिवाय विष, सापळे, हेलिकॉप्टर. १९७२ साली निक्सन यांच्या आदेशाने सरकारी जमिनीवरची विषं बंद झाली, पण मोहीम थांबली नाही. २०१५ ते २०१९ या काळात एकट्या संघराज्य खात्याने दरवर्षी साठ हजारांहून जास्त कायोटी मारले. आणि कायोटी? १९०० साली तो मुख्यतः पश्चिमेत आणि प्रेअरीत होता. आज हवाई सोडून एकोणपन्नास राज्यांत आहे, शिकागोत आहे, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात दिसलेला आहे. टेक्सस-कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांनी रात्री त्याची कुई ऐकलीच असेल. लांडगा कळपाने जगतो, कळप मोडला की संपतो. कायोटी जोडीनेही जगतो, टोळीनेही, उंदीर, फळं, कचरा काहीही खातो. दाब वाढला की उरलेल्या माद्या लवकर वितात आणि जास्त पिल्लं जगतात. ॲडॉल्फ म्युरी यांनी १९४० साली यलोस्टोनमधल्या अभ्यासात दाखवलं होतं की त्याच्या खाण्यात उंदीरवर्गीय प्राण्यांचा वाटा फार मोठा आहे. त्याच काळात, १९४२ साली, अमेरिकेत मेंढ्या होत्या साडेपाच कोटींच्या वर. आज पन्नास लाखांच्या आसपास. त्या कायोटीने खाल्ल्या नाहीत. लोकर, कृत्रिम धागा, मजूर आणि मांसाच्या बदललेल्या आवडी यांनी खाल्ल्या. ज्याच्या वासराला किंवा कोकराला कायोटीने धरलं त्याच्यासाठी त्या एका कायोटीवरची गोळी कामाची आहे, त्याची अडचण खरी आहे. पण सरसकट मारून संख्या कमी होते, हे शतकभराच्या अनुभवाने दाखवलेलं नाही. कॅलिफोर्नियाने २०१४ साली आणि व्हरमाँटने २०१८ साली कायोटी मारायच्या बक्षीस-स्पर्धा बंद केल्या त्या याच वादातून.

समोरून चिठ्ठी आली आहे: 'एवढं सांगितलंत, पण कोणतं घ्यावं ते सांगा.' (हशा) ठीक. इतिहासाच्या आधारावर सांगायचं तर: कायोटीच मारायचे आणि अंतर दोनशे यार्डांच्या आत, तर .२२३, आठ इंची नळी. उघडा मुलूख, लांब अंतर, तर .२२-२५०. हरीणही करायचं असेल किंवा वारा फार असेल, तर .२४३. कातडं विकायचं असेल तर लहान आणि हलकं, पण खांद्यावर नेम न धरण्याचा संयम असेल तरच. आणि घराजवळ वस्ती असेल तर जुनं हॉर्नेट, कारण त्याचा आवाज शेजाऱ्याला कमी त्रास देतो.

विषांबद्दल आज ओझरतं बोललो. डेन्व्हरची ती प्रयोगशाळा, 'कंपाउंड १०८०' आणि १९७२चा आदेश हा पुढच्या महिन्याचा विषय.